एल्डरबेरी आणि माझं अपशकुनी नाक

मी शिंकतो. याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माणसं घोरतात, ढेकर देतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये स्वतःच्या कविता वाचून दाखवतात. त्यांना कोणी वाळीत टाकत नाही. पण अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या इमारतीत कोणी शुभकार्याला निघालं, की आधी दाराच्या फटीतून बघतात, करमरकर जिन्यात नाहीत ना! खालच्या मजल्यावरच्या सुनंदाबाईंनी नवा फ्रिज आणला, तेव्हा तो आत जाऊन त्याला हळदकुंकू लागेपर्यंत मला गच्चीवर थांबायची विनंती झाली होती. मी थांबलो. गच्चीवरून शिंकलो. त्यांचा फ्रिज तिसऱ्या दिवशी बंद पडला आणि कंपनीच्या मेकॅनिकला कारण सांगताना त्यांनी माझं नाव सांगितलं.

नियम सगळ्यांना माहीत आहे. निघताना शिंक आली की परत आत यायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं. माझ्यामुळे आमच्या इमारतीत जेवढं पाणी प्यायलं गेलंय, तेवढं नगरपालिकेने कधी सोडलेलं नाही. त्यातून माझी शिंक बेताची नव्हे. तिला आधी एक लांब श्वास लागतो, मग जराशी शांतता पसरते, आणि मग ती रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जाते. बायकोने, म्हणजे कुमुदिनीने, सुरुवातीच्या काळात ‘जरा हळू’ असं सुचवून पाहिलं. शिंक हळू येत नाही. ज्यांना हळू येते त्यांना ती आलेलीच नसते, असं माझं मत आहे.

आमच्या समोरच्या दाराचे भीमराव शेजवळ हे एकटेच मला न बिचकणारे. आम्ही दोघं एकाच केमिकल कंपनीत. ते अकाउंट्सला, मी प्रॉडक्शनला. “विष्णुपंत,” ते म्हणतात, “माझ्या पोराच्या लग्नात तुम्ही पहिल्या रांगेत बसून शिंकत होता. आमच्यातलं लग्न अर्ध्या तासात उरकतं, त्यात तुमच्या शिंका वंदनेपेक्षा लांबल्या. पोरगं सुखात आहे, सून सुखात आहे, नातू झाला. तुमच्या लोकांनी उगाच नाकाला डोक्यावर बसवलंय.” त्यांच्या मिसेस, चांगुणावहिनी, आतून म्हणतात, “नातू पण शिंकतो हो!” पण ते वेगळं.

तर त्या पावसाळ्यात कंपनीत एक जर्मन ड्रायर आला आणि तो बसवायला वेबरसाहेब नावाचे इंजिनियर आले. मशीनची पूजा होती. फोरमन सुदामने नारळ वर उचलला आणि मला शिंक आली. सुदामने नारळ तसाच खाली ठेवला. “साहेब, आता धा मिनटं काय बी करता येनार नाय,” त्याने जाहीर केलं. सगळा प्लांट खाली बसून पाणी प्यायला लागला. वेबरसाहेबांना वाटलं, प्रेशर लीक झालं. त्यांना खरं कारण कळलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या बॅगेतून एक बाटली काढून माझ्या हातात ठेवली. एल्डरबेरीचं सिरप. त्यांच्याकडे सर्दीपडशाला घरोघर घेतात म्हणे. रंग जांभळाच्या रसासारखा काळपट, चव गोड आणि मागून जराशी मातकट. मी सकाळ-संध्याकाळ चमचाभर घेतलं. आठवडाभर एक शिंक आली नाही. औषधाने की मधे पावसाने उघडीप दिली म्हणून, असं भीमराव विचारतात. फुकट मिळालेल्या सुखाची चौकशी करायची मला सवय नाही. बाटली संपली, वेबरसाहेब परत गेले आणि नाक पूर्वपदावर आलं.

हे सगळं मी विसरूनही गेलो असतो. पण तुळशीचं लग्न झाल्यावर आमच्या अंजनीचा साखरपुडा ठरला. मुलगा बदलापूरचा, शांत, इंजिनियर. स्थळ आणलं माझ्या थोरल्या भावाने, दादाने. तो बदलापुरातच, नदीकाठच्या मांजर्लीला राहतो. सगळं उत्तम होतं. मुलाच्या आत्याबाई, सरस्वतीआत्या, अंजनीला कुंकू लावायला पुढे झाल्या आणि मला शिंक आली. आत्याबाईंनी कुंकवाचं बोट मागे घेतलं. सगळी मंडळी खाली बसली. सगळ्यांना पाणी द्यायला आमचे पेले पुरले नाहीत, ते भीमरावांकडून आणले. पाणी पिऊन आत्याबाई पुन्हा उठल्या आणि मला दुसरी आली. पुन्हा पाणी. तिसऱ्या वेळी कोणी काही म्हणायच्या आत मी स्वतःच उठलो आणि मोरीत जाऊन बसलो. माझ्या एकुलत्या एका मुलीचा साखरपुडा मी कपडे धुवायच्या दगडाशेजारी बसून ऐकला. मला त्याचं फार वाईट वाटलं, हे मी इथे सरळ लिहून टाकतो.

पुढच्या रविवारी दादा आला. चहा येईपर्यंत हवापाण्यावर बोलला, आणि त्याच्या घरी पाणी नेहमीच विषयात असतं. मग म्हणाला, “विष्णू, वाईट वाटून घेऊ नकोस. सरस्वतीआत्यांचं म्हणणं असं पडलं, की कन्यादान मी आणि तुझ्या वहिनीने करावं. तू मागे उभा राहा.”

“मागे म्हणजे कुठे?”

“म्हणजे... जेवणाच्या हॉलच्या बाजूला जरा.”

“आणि तुला शिंक आली तर?”

“मला?” दादा हसला. “अरे, पुरात घरात कमरेइतकं पाणी होतं, दिवसभर ओल्या अंगाने डायनिंग टेबलावर बसून होतो. एक शिंक आली नाही मला.” हे तो ज्या अभिमानाने सांगतो, तसा लोक मुलाचा पहिला नंबर सांगतात.

कुमुदिनी चहा घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला. “भावजी,” ती म्हणाली, “नाक यांचं आहे. पण पाट माझाही जातोय.”

दादाने कप उचलला. तो चहा प्यायला. चहात साखर नव्हती, पण ते सांगायचीही सोय नव्हती. अंजनी त्या वेळी तिच्या ऑफिसच्या मैत्रिणीकडे गेली होती. तिला यातलं काही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. तिला कळलं असतं तर तिने तिथल्या तिथे लग्न मोडलं असतं. स्वभाव माझ्यावर गेलाय.

मी उभा राहिलो. “दादा, फाल्गुनात लग्न आहे, तोवर हे नाक मी ताळ्यावर आणतो. आणि नाही आणलं, तरी कन्यादान मीच करणार.”

“मग आणायचं कशाला?”

“तो वेगळा प्रश्न आहे. आत्याबाईंना सांग, जर्मनीहून औषध मागवलंय.”

औषध अजून मागवलेलं नव्हतं, पण ‘जर्मनी’ या शब्दाने बदलापुरात काम केलं. आत्याबाईंचा निरोप आला: विष्णुपंतांनी पाटावर बसावं. मात्र कन्यादानाच्या वेळी शिंक आली, तर तिथल्या तिथे उठावं आणि दादाने बसावं. दादा सोवळं नेसून शेजारीच तयार राहील, क्रिकेटमधल्या बाराव्या खेळाडूसारखा. बालवाडीपासून ज्या मुलीच्या फिया मी भरल्या, तिच्या लग्नात मी बदली होण्यासारखा खेळाडू ठरलो होतो. बरं, म्हटलं. बघू.

प्रथम मी उल्हासनगर गाठलं. जगातली कुठलीही वस्तू तिथल्या कॅम्प दोनमध्ये मिळते, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. फॉरेनच्या मालाचं दुकान चालवणारे नेवंदरामशेठ भीमरावांच्या ओळखीचे निघाले. मी एल्डरबेरी म्हटल्यावर त्यांनी पापणीही न लववता विचारलं, “कितना चाहिए साईं?”

“आहे तुमच्याकडे?” मी आनंदाने विचारलं, आणि आनंदात किस्सा सांगून बसलो: अंजनी, साखरपुडा, मोरी, सगळं.

नेवंदरामशेठ गंभीर झाले. त्यांनी माझ्यासाठी कोल्ड्रिंक मागवलं, मग सर्दी आठवून ते परत पाठवलं आणि चहा मागवला. “देखो साईं, बेटी की शादी की बात है, इसलिए सच बोलता हूँ. बाटली है. ढक्कन है. लेबल बुधवार को छप जाएगा. सिर्फ अंदर का माल नहीं है. तुम ये मत लो.” एवढा सच्चा माणूस मला त्या आठवड्यात दुसरा भेटला नाही. मी तिथून दोन डझन रुमाल घेऊन परतलो. रुमालही फॉरेनचे होते. ते खरे होते की नाही, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मग मी वेबरसाहेबांना पत्र लिहिलं. त्या भल्या माणसाने, सिरप वाटेत फुटेल म्हणून, एल्डरबेरीची वाळवलेली फळंच पार्सलने पाठवली. पार्सल मुंबईपर्यंत आलं आणि एका सरकारी कचेरीत अडकलं. मी रजा टाकून गेलो. टेबलामागच्या साहेबांनी पुडा हातात घेऊन हलवला. “काय आहे?”

“एल्डरबेरी.”

“ते कळलं. पण काय आहे? औषध म्हणालात तर लायसन लागेल. फळ म्हणालात तर आरोग्याचा दाखला. बी म्हणालात तर शेतकी खात्याकडे जा. तुम्ही काय म्हणता?”

मी वीस वर्षं केमिकल कंपनीत काढली आहेत. वस्तू काय आहे ते आधी ठरतं आणि कागद मागून येतो, अशी माझी समजूत होती. मी तासभर वाद घातला. वनस्पतिशास्त्र, जर्मन परंपरा, पित्याचं कर्तव्य, सगळं मांडलं. शेवटी साहेब कंटाळले. त्यांनी शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर आणला... आणि मला शिंक आली.

शिक्का हवेत थांबला. साहेबांनी तो सावकाश खाली ठेवला, शिपायाला म्हणाले, “पाणी आण रे,” आणि मला म्हणाले, “आता आज नाही. उद्या या.”

म्हणजे शिंकेचं औषध शिंकेपायी अडलं! मी ट्रेनमध्ये स्वतःशी मोठ्याने बोलत घरी आलो. दुसऱ्या दिवशी माझ्या सहीचं पत्र घेऊन भीमराव गेले आणि दुपारी पार्सल काखेत मारून परत आले.

“काय म्हणालात हो त्यांना?” मी थक्क होऊन विचारलं.

“लग्नातल्या पूजेचं सामान आहे म्हटलं. लगेच शिक्का. वर हात जोडले त्याने पुड्याला.”

“भीमराव! तुम्ही? पूजेचं सामान?”

“लग्नासाठीच आहे ना? मग! आणि मी हात नाही जोडले, तो जोडत होता.”

आता फळं घरात होती आणि ती घ्यायची कशी हा प्रश्न होता. हा प्रश्न मी मनात विचारला असता तर बरं झालं असतं. मी तो जिन्यात विचारला. संध्याकाळपर्यंत आमच्याकडे अर्धी इमारत जमली. एकाने ती मधात घालायला सांगितली, दुसऱ्याने तुपात परतायला. गुरुवार होता, म्हणून दोघींनी ‘उपासाला चालतं का’ हा मुद्दा काढला. बटाटा परदेशी असून चालतो, मग हे का नाही, अशी एक बाजू. बटाट्याची गोष्ट वेगळी, तो आता आपला झाला, अशी दुसरी. माझ्या सर्दीचं पुढे काय हे त्यात कोणी विचारलं नाही. अखेर सुनंदाबाईंनी निकाल दिला. “मनुकांसारखी दिसतात ना? मग रात्री भिजत घाला आणि सकाळी उपाशीपोटी चावून खा. पाणीही टाकून देऊ नका.”

आमच्याकडे जे जे वाळलेलं आहे ते रात्री भिजत घालतात आणि सकाळी उपाशीपोटी खातात. मेथ्या, बदाम, मनुका, अंजीर. यात कधी कोणाचं वाईट झाल्याचं ऐकिवात नाही. मी चांगली मूठभर भिजवली, जर्मनीहून आली आहेत म्हणून आणखी अर्धी मूठ घातली, आणि सकाळी सूर्याकडे तोंड करून चावून खाल्ली.

पुढचं सविस्तर सांगण्यासारखं नाही. दोन दिवस मी घरातल्या एकाच खोलीत होतो आणि ती बैठकीची नव्हती. मात्र एक गोष्ट नोंदवतो: त्या दोन दिवसांत मला एकही शिंक आली नाही. शिंकण्याची माझी हिंमतच नव्हती. सुनंदाबाई दाराबाहेरून म्हणाल्या, “बघा, गुण आला!” मी आतून जे उत्तर दिलं ते कुमुदिनीने त्यांच्यापर्यंत पोचू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी मऊ भात भरवताना कुमुदिनी एकदम थांबली. “अहो, त्या साहेबाने तुम्हाला काय दिलं होतं?”

“सिरप.”

“म्हणजे पाक. पाक कधी कच्चा होतो का? ती आधी उकळायची असणार!” आणि तिने कपाळावर हात मारला. मारायचा तो माझ्या कपाळावर होता, पण आजाऱ्याला ती सहसा मारत नाही.

तिने उरलेली फळं भरपूर उकळली, गाळली, साखर घालून पाक केला. मी पुन्हा सकाळ-संध्याकाळ चमचाभर सुरू केलं. “आता सोडा तो नाद,” असं दादा म्हणाला, डॉक्टर म्हणाले, सुनंदाबाई तर म्हणाल्याच. मी मुद्दाम जिन्यात उभं राहून चमचा तोंडात घालायला लागलो. गुण आला का? माझ्या मते शिंका निम्म्यावर आल्या. कुमुदिनीच्या मते मी निम्म्या मोजायचं सोडून दिलं होतं. नवरा-बायकोत एवढा मतभेद असायचाच.

लग्न शिवमंदिराकडच्या रस्त्यावरच्या कार्यालयात होतं. पहाटेपासून मी नाक जपत होतो. फुलांच्या हाऱ्यांपासून लांब, उदबत्तीच्या उलट दिशेला, अत्तरदाणी दिसली की तोंड फिरवून. भीमराव दर थोड्या वेळाने येऊन “नॉर्मल?” असं विचारून जात. मंगलाष्टकं झाली. अक्षतांची हळद हवेत उडत होती, ती मी श्वास धरून काढली. मग आम्ही कन्यादानाला बसलो. कुमुदिनी आणि मी पाटावर. समोर अंजनी आणि जावई. शेजारी दादा, पीतांबर नेसून, गुडघ्यावर हात ठेवून, उठायच्या तयारीत. त्याच्यामागे सरस्वतीआत्या, आणि त्यांची नजर माझ्या नाकावर.

गुरुजींनी हात रचायला सांगितले. खाली जावयांची ओंजळ, तिच्यावर अंजनीची, तिच्यावर माझी. कुमुदिनीने झारी उचलली आणि धार धरली. थंड पाणी माझ्या बोटांतून अंजनीच्या हातांत उतरायला लागलं. गुरुजी मंत्र म्हणत होते. माझे डोळे भरले, आणि डोळ्यांतलं पाणी भलत्याच वाटेने नाकात गेलं. मला लांब श्वास लागला. जराशी शांतता पसरली.

मग मी शिंकलो.

नंतर कळलं, की बाहेर चपला सांभाळणाऱ्यालाही ती ऐकू गेली. गुरुजींचा मंत्र अर्ध्यावर राहिला. “थांबा, थांबा!” सरस्वतीआत्या ओरडल्या. “धार थांबवा! विष्णुपंत, ठरलं होतं. उठा आता.” दादा खरंच अर्धा उठला. मी हात काढून घेतले असते. दिलेला शब्द होता, आणि त्या क्षणी माझ्यात भांडायचं बळ उरलं नव्हतं. पण दोन गोष्टी झाल्या. कुमुदिनीने धार थांबवली नाही. ती मान खाली घालून पाणी ओततच राहिली. आणि माझ्या हाताखालच्या अंजनीच्या बोटांनी माझी बोटं घट्ट धरली.

“कशाला उठायचं?” अंजनी म्हणाली. नवरीने मांडवात एवढ्या मोठ्याने बोलू नये, पण ती बोलली. “काय ठरलं होतं? मला कोणी विचारलं?”

“अगं, अपशकुन झाला बाळ,” आत्याबाई म्हणाल्या, आणि त्या रागाने नव्हे, घाबरून म्हणाल्या. “तुझ्याच भल्यासाठी.”

“आत्या, मी लहान असताना बाबांची सेकंड शिफ्ट असायची. ते आल्याशिवाय मला झोप यायची नाही. खाली जिन्यात शिंक ऐकू आली की मी दार उघडायला पळायचे. बाबा आले, आता काही भीती नाही.” तिचा आवाज फुटला, तरी ती थांबली नाही. “मला शकुन तेवढाच माहीत आहे. आज तो नसता झाला तर मला चुकल्यासारखं झालं असतं. बाबा, बसा तुम्ही.”

झारीतलं पाणी संपत आलं होतं. धार बारीक झाली तरी तुटली नव्हती. जावई, शांत मुलगा, मान वर न करता म्हणाला, “गुरुजी, पुढे चला.” दादाने पीतांबर सावरला आणि तो खाली बसला. सरस्वतीआत्यांनी इकडे तिकडे बघितलं, मग पुढे होऊन दुसरा भरलेला तांब्या उचलला आणि कुमुदिनीच्या झारीत ओतला.

गुरुजींनी मंत्र उचलला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात मुलीच्या हातावर होते आणि मला रुमाल काढता येत नव्हता. तेवढ्यात मला दुसरी शिंक आली. ती मी दाबली नाही. होती नव्हती तेवढी ताकद लावून शिंकलो.